पेड

केरेनच्या बाजारामागे, उंटांच्या आवारापलीकडे
माझं तीन पायांचं स्टूल आणि लोण्याची वाटी.
त्या साली लढाई संपली होती
आणि डोंगरावरून मुली परत येत होत्या,
कानांभोवती काळा ढग अडकलाय
असे मोकळे केस घेऊन.

अकबेरेतला तिची सासू घेऊन आली.
खंदकात, कोणा कमांडरच्या सहीवर लागलेलं लग्न
आता चर्चमध्ये पुन्हा लावायचं होतं.
पहिलं धरायचं नव्हतं.
"बारीक घाल," सासू म्हणाली, "थेट कपाळापासून.
बाई वाटली पाहिजे."

चार तास लागतात.
पहिल्याच तासात कळलं
हिला स्वतःचं डोकं कुणाच्या हाती देता येत नाही.
मान माझ्या मांडीवर, डोळे दाराकडे.
पेड ओढला की दुसऱ्या बायका आई गं म्हणतात,
ही ओठांत आकडे मोजायची.
कशाचे, मी विचारलं नाही.

डाव्या कानामागे बोट अडलं.
कातडीखाली हरभऱ्याएवढं काहीतरी, सरकणारं.
"ते राहू दे," ती म्हणाली. "ते माझं आहे."

सासू उंबऱ्यात बसून बोलत होती,
माझ्याकडे बघून, तिला ऐकू जाईल असं:
जिच्या हातून जीव जातो
तिच्या हाताखाली पीठ आंबत नाही.
आठवडा झाला, टाफचं पीठ भिजवतेय ही,
फुगायचं नाव नाही.
बाईनं जीव द्यावा,
घेऊ नये.

अकबेरेत हसली. पहिल्यांदाच.
"दिलाच की. दोघींनी. माझ्याच रणगाड्यात."

मग बराच वेळ फक्त फणीचा आवाज.

मी काही बोलले नाही.
त्या थंडीत पीठ आमच्याकडेही आंबलं नव्हतं
आणि मी कोणाला मारलं नव्हतं.
मी फक्त तेरा वर्षं
छावणीतल्या साहेबांच्या बायकांच्या वेण्या घातल्या,
त्यांच्या केसालाही धक्का न लावता.
हे गावाला माहीत आहे.
माझ्या पिठाबद्दल कोणी काही म्हणत नाही.

रविवारी, चर्चमधून परतताना
वऱ्हाडाचा ट्रक चढावर बंद पडला.
पुरुष उतरले. बॉनेट उघडलं.
खार्तूमहून परतलेला मामा,
ज्यानं सगळी लढाई रेडिओवर ऐकली,
तो म्हणाला पेट्रोल. दुसरा म्हणाला नशीब.
नवरा, हबतेआब, तिच्याच पलटणीतला,
आपल्या बुटांकडे बघत होता. नवे बूट.
दोघांनी इतकी वर्षं प्लास्टिकच्या चपलांवर काढलेली.

तिनं पांढरी नेत्सेला उतरवून सासूच्या हातात दिली,
जसं खुंटीला अडकवावं,
आणि आडवी होऊन ट्रकखाली शिरली.
बाहेर दिसत होते ते मेंदीचे पाय.
कोणीतरी "पाना" म्हटलेलं ऐकलं,
आवाज तिचाच होता, पण मांडीवरचा नव्हता;
मामानं धावत जाऊन पाना दिला.

इंजिन खोकलं, लागलं.
ती बाहेर आली. माझी चार तासांची मेहनत:
लोण्यावर धूळ, धुळीवर काळं तेल,
भांगातून एक ओघळ थेट भुवईपर्यंत.
सासूनं नेत्सेला पुढे केली नाही, मागेही घेतली नाही.
धरून उभी राहिली.

सगळे चढले. उशीर झाला होता, जेवण थांबलं होतं.
तिच्या शेजारची फळी रिकामी होती.
प्रत्येकाला अचानक उभं राहायला आवडू लागलं.

मीही उभीच राहिले, दांडा धरून,
पूर्ण घाटभर,
लोणी आणि डिझेल यांचा मिळून जो वास होतो
तो घेत.